अर्धी टाकी

वाटणीत विहीर दिवसांवर तोडली,
बांध दोरीने,
भांडी नावं बघून.
इंजिनाचे दोन तुकडे होईनात,
म्हणून ते बांधावरच्या पत्र्याखाली राहिलं,
माझं आणि भावाचं,
म्हणजे कुणाचंच नाही.

तसं त्याचं कामही उरलं नव्हतं.
मोटर आहे, ठिबक आहे.
इंजिन लागतं वर्षातून दोन रात्री, फार तर तीन,
कुंदेवाडीचा पारा चारावर येतो तेव्हा.
लाइट नेमकी त्याच रात्री जाते.
मण्यांत पाणी उतरलेलं असतं,
आणि विहिरीचं कोमट पाणी पहाटेपर्यंत
मुळांशी खेळतं ठेवावं लागतं,
नाहीतर सकाळी घड हातात घेतला
की तडकलेले मणी बोटांना चिकटतात.

गेल्या जानेवारीत आम्ही हँडल मारून मारून दमलो.
मी, माझा पोरगा, शेवटी मथुरावहिनीसुद्धा,
डोक्याला मफलर, हातात बॅटरी.
(भाऊ अंबडला, रात्रपाळीला.)
इंजिन दोनदा खोकलं,
पांढरा धूर टाकला,
आणि गप्प.
पाइपातली एअर काढली, पुन्हा काढली.
मग वहिनी म्हणाली, शेकोट्या पेटवा,
आणि काही न बोलता
आपल्याच सरपणाची मोळी ओढत आणली.

सकाळी सायखेड्याहून रज्जाक मिस्त्री आला.
टाकीखालचा नट सोडला,
धरायला काही नव्हतं म्हणून
वहिनीने दिलेल्या लोणच्याच्या बरणीत
सगळं उतरवलं.
बरणी उन्हात धरली.
तळात पाणी. वर डिझेल.
मध्ये काळी साय,
बोटभर.

शेड तर गळत नाही, मी म्हटलं.
तो म्हणाला, गळायला कशाला पाहिजे.
टाकी अर्धी होती ना?
रिकाम्या अर्ध्यात हवा बसते.
दिवसा पत्रा तापतो, रात्री गारठतो,
हवेला घाम सुटतो,
घाम तळाला जातो,
आणि पाण्या-डिझेलच्या शिवेवर किडा धरतो.
डिझेल खाऊन जगतो तो, साहेब.
त्याचीच ही साय, हीच फिल्टरात बसते.
काठोकाठ भरून ठेवा
नाहीतर थेंब ठेवू नका.
अर्धी ठेवायची नाही कधी.

टाकी साडेसहा लिटरची.
माझे सव्वातीन मी ओतले होते,
चांदोरीच्या पंपावरून, पावतीसकट.
त्याचे सव्वातीन त्याने ओतायचे होते.
मी विचारलं नाही.
विचारलं असतं तर तो आदल्या वर्षीचं काढणार,
मग मी त्याच्या आदल्या वर्षीचं,
असे मागे मागे जात
आम्ही वडिलांच्या सायकलपर्यंत पोचलो असतो.

मिस्त्रीने आणखी एक सांगितलं होतं:
महिन्यातून एकदा पाव तास चालवा,
नुसतं नको, पाण्यावर.
अमावास्येला तसंही औत जुंपत नाही कुणी,
म्हणून अमावास्या ठरली.
एक माझी, एक त्यांची.
त्यांच्या अमावास्येला वहिनी येते.
गाळणीवर जुन्या पातळाचा तुकडा धरून
डिझेल ओतते, गळ्यापर्यंत,
लिव्हर उचलते, हँडल फिरवते,
माझ्यापेक्षा कमी फेऱ्यांत.
पत्र्यावर खडूने तारीख लिहिते.
किती लिटर, ते लिहीत नाही.
मी आधी लिहीत होतो.
आता माझ्याही नुसत्या तारखा आहेत,
एक जरा तिरकी,
त्या दिवशी हाताला तेल होतं.

पाव तास आवाज होतो शिवारात.
पाटाच्या तोंडाशी पाणी फेसाळतं.
भाऊ घरी असला तर बांधापर्यंत येतो,
धुराचा रंग बघतो,
मान हलवतो, जातो.

बरणी अजून शेडच्या फळीवर आहे.
पोरगा कधीकधी हलवतो ती:
सगळं एक होतं, गढूळ, मातकट.
परत ठेवली की
पितृअमावास्येपासून दिवाळीपर्यंत नाही लागत,
तासाभरात ज्याचं त्याचं ज्याच्या त्याच्या जागी.

वहिनीने एकदाच विचारलं,
बरणी धुऊन मिळेल का,
कैऱ्या आल्यात.
म्हटलं, वास जायचा नाही आता.
ती म्हणाली, झाकण तरी द्या,
झाकण चांगलं बसत होतं तिचं.